मदत हवी आहे: केओएफ (किंग ऑफ फायटर्स) परत पहिल्यापासून खेळायचंय

मंडळी, ठाण्यात नौपाड्याच्या गल्लीतल्या गेम पार्लरमध्ये टोकन टाकून किंग ऑफ फायटर्स ९७ हा मारामारीचा गेम खेळलेले कोणी आहेत का इथे? माझा जीव अजून त्या गेममध्ये अडकलाय. आता ठरवलंय की १९९४ च्या पहिल्या भागापासून सगळी सिरीज क्रमाने खेळायची, कारण तेव्हा आपण नुसते बटणं बडवायचो, स्टोरी कोणाला माहीत होती! ९५ ला इओरी हा फायटर येतो, ९६ ला गोएनिट्झ हा शेवटचा बॉस, आणि ९७ ला खुद्द ओरोची, म्हणजे मुख्य खलनायक, ही गोष्ट सलग बघायला मिळाली तर काय मजा येईल. ९८ मध्ये स्टोरीच नाही, पण खेळ म्हणून माझ्या मते तोच सगळ्यात भारी.

तर प्रश्न असा की पीसीवर ९७ चं ग्लोबल मॅच व्हर्जन घेऊ की थेट ९८ अल्टिमेट मॅच फायनल एडिशन? ऑनलाइन खेळताना लॅग (बटण दाबल्यावर होणारा उशीर) कशात कमी आहे ते ज्याने दोन्ही खेळलंय त्यानेच सांगा प्लीज.

दुसरं म्हणजे आर्केड स्टिक, पार्लरसारखा दांडा आणि बटणं असलेला कंट्रोलर. साध्या कंट्रोलरवर इओरीचा सुपर (खास जोरदार मूव्ह), म्हणजे खाली-पुढे आणि मग पुढून मागे अर्धा गोल फिरवून पंच, दहातून दोनदा पण निघत नाहीये, अंगठा दुखतो ते वेगळंच. बजेट पाच हजारापर्यंत आहे, नवी मुंबईत वाशी-नेरुळकडे कुठे हातात घेऊन बघता येईल का? सेकंडहँड पण चालेल. आणि रविवारी समोरासमोर खेळायला कोणी तयार असेल तर कळवा, घोडबंदर रोडला माझ्या घरी टीव्ही मोठा आहे.