पेरणीआधी भाकीत ऐकायचं, की पुढचं देवावर सोडायचं?

पूर्णाकाठ

अक्षय्य तृतीया जवळ आली की वऱ्हाडात एकच विषय असतो, भेंडवळची घटमांडणी. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. भेंडवळ हे बुलढाणा जिल्ह्यातल्या जळगाव जामोद तालुक्यातलं गाव. तिथे त्या संध्याकाळी शेतात गोल घट आखतात आणि कडेने गहू, ज्वारी, तूर, मूग, उडीद, हरभरा, जवस, तीळ, सरकी अशी 18 प्रकारची धान्यं मांडतात. मधल्या खड्ड्यात चार ढेकळं असतात, ते पावसाळ्याचे चार महिने. त्यावर पाण्याची घागर, घागरीवर पुरी, पापड, करंजी, भजी, वडा, सांडई, कुरडई. पानविडा हे राजाचं, म्हणजे सत्तेचं प्रतीक. रात्री तिथे कोणी थांबत नाही. सकाळी कोणतं ढेकूळ भिजलं, कोणतं धान्य जागचं हललं, ते पाहून वर्षाचं भाकीत सांगतात. चंद्रभान महाराज वाघ यांनी साडेतीनशे वर्षांपूर्वी ही मांडणी सुरू केली, असं सांगितलं जातं.

परंपरेचा अपमान करायचा नाही. पण माझं स्पष्ट मत आहे की ज्याचा देवावर विश्वास आहे, त्याने उद्याचं विचारत फिरू नये. कळून घ्यायची ओढ भीतीतून येते, आणि भीतीपोटी पेरणीचा निर्णय बिघडतो. "जूनमध्ये भरपूर" ऐकलं की पहिल्याच सरीवर तिफण, म्हणजे पेरणीचं अवजार, निघते. वरचा दोन बोटांचा थर ओला आणि खाली कोरडी ढेकळं, अशा रानात बी पडतं. बी फुगतं, कोंब निघतो, मग दहा दिवस उघाड पडते आणि कोंब जळतो. दुबार पेरणी म्हणजे सोयाबीनचं एकरी 30 किलो बियाणं पुन्हा विकत घ्यायचं.

वऱ्हाडी गडी

भाऊ, तुमचं अर्धंच बराबर हाये. भेंडवळले जमनारे लोक काई आंधये नाईत. तिथं जाऊन कोनी घरचा नांगर मोडत नाई. वर्षाच्या सुरवातीले चार गावचे लोक एका वावरात येतात, धान्याले हात जोडतात, थे देवाले मानल्याबिगर होते काय? मले तं थो भरोसाच वाटते. कर्ज डोक्यावर हाये, बँक दारात उभं करत नाई, अशा मानसाले "यंदा तूर चांगली" एवढं आयकलं तं जीवाले बळ भेटते. थे बळ तुमी काऊन हिसकता?

मेघमंडळ

बळ मिळतं हे मान्य, पण भाकिताची भाषा बघा. "पाऊस साधारण, काही भागात अतिवृष्टी, काही भागात ओढ." हे चुकणारच नाही. बुलढाण्यापेक्षा गडचिरोलीत जवळपास दुप्पट पाऊस पडतो, त्यामुळे कुठे ना कुठे ते खरं ठरतंच. दाणे हलायला रात्रीचा वारा, मुंग्या, उंदीर पुरेसे आहेत, आणि भरलेल्या घागरीखालचं ढेकूळ ओलं होणं साहजिक आहे.

पंचांगात पावसाच्या प्रत्येक नक्षत्राला वाहन म्हणून एक प्राणी देतात, तेही तसंच. सूर्य नक्षत्रात शिरतो तेव्हा त्याच्या नक्षत्रापासून चंद्राच्या नक्षत्रापर्यंत मोजायचं, नऊने भागायचं. बाकी एक उरली तर घोडा, दोन कोल्हा, तीन बेडूक, चार मेंढा, पाच मोर, सहा उंदीर, सात म्हैस, आठ गाढव, काहीच उरलं नाही तर हत्ती. बेडूक, म्हैस, हत्ती असले की पाऊस जोरात. या गणितात ना वारा आहे, ना समुद्राचं तापमान. आर्द्राचं जे वाहन चिखलीत तेच चिमूरला.

हवामान खात्याचा एप्रिलमधला अंदाज मात्र आपली चूक आधी सांगतो. अख्ख्या देशाची सरासरी 87 सेंटीमीटर धरून टक्केवारी दिलेली असते, आणि "पाच टक्के कमी-जास्त" असं सोबत लिहिलेलं असतं. तुमच्या शिवाराबद्दल त्यात अक्षर नाही. शिवारासाठी मंगळवारी आणि शुक्रवारी निघणारा कृषी हवामान सल्ला पाहायचा, तोही पुढच्या पाच दिवसांपुरता.

पूर्णाकाठ

मेघमंडळ, पाच दिवसांचा अंदाज पाहायला माझी अजिबात हरकत नाही. ढग, वारा, मातीची ओल पाहणं हे आपलं कामच आहे, देवाने डोळे त्यासाठीच दिले. माझा विरोध वर्षभराचा हवाला मागण्याला आहे. तो एप्रिलमधल्या टक्केवारीवरून मागितला तरी चूकच. ती टक्केवारी ऐकून कापसाखालचं रान सोयाबीनला देणारे कमी नाहीत.

वऱ्हाडी गडी, बळाबद्दल. "तूर चांगली" ऐकून सगळ्यांनी तूर वाढवली आणि फुलोऱ्यात ढगाळ हवा राहिली, शेंगा पोखरणारी अळी आली, की ते बळ डिसेंबरात संपतं. देवावर भरवसा ठेवणाऱ्याला तूर बुडाली तरी देव सुटत नाही. भाकितावर ठेवला असेल तर दोन्ही जातात.

तुळसबाग

शेतीपुरतं का बोलताय? घरात लग्न, जमिनीची वाटणी, मुलीचं शिक्षण या सगळ्यात हेच चालतं. देवापुढे चिठ्ठ्या टाकतात. खरं तर मला ती पद्धत वाईट वाटत नाही. दोन वाटे सारखे मोजून झालेत, दोघा भावांना तेच हवंय, तर एकसारख्या कागदाच्या, एकसारख्या घडीच्या चिठ्ठ्या करून लहान मुलाच्या हाताने एक उचलायची. भांडण मिटतं. पण ती फक्त सारख्या वाट्यांना चालते. एका वाट्यात विहीर आणि दुसऱ्यात बरड असेल, तर तो अन्याय देवाच्या नावावर खपवणं झालं. आणि मनासारखी निघाली नाही म्हणून दुसऱ्यांदा, तिसऱ्यांदा उचलतात, तिथे देवाला विचारणं कधीच संपलेलं असतं.

मुलीच्या बाबतीत तर माझं ठाम म्हणणं आहे. गुण जुळले का ते पाहण्याआधी मुलाचं व्यसन, घरावरचं कर्ज आणि दोघांची सिकलसेलची रक्ततपासणी पाहा. विदर्भात हा रक्ताचा आनुवंशिक आजार आहे. दोघंही वाहक असले तर प्रत्येक बाळंतपणात मूल आजारी निघण्याची शक्यता चारात एक. पत्रिकेत हे दिसत नाही.

कोरडवाहू

पूर्णाकाठ, तुमच्या बाजूचाही एक धोका आहे. "पुढचं देवावर" म्हणणारे पीकविमा काढत नाहीत, बियाणं तपासत नाहीत. सोयाबीनला विमा हप्त्याचा शेतकऱ्याचा वाटा संरक्षित रकमेच्या जास्तीत जास्त दोन टक्के, कापसाला पाच. तोही भरला नाही, वर शंभर दाणे उगवून बघितले नाहीत, आणि बुडाल्यावर देवाची इच्छा. याला मी भरवसा म्हणणार नाही, हे अंग काढून घेणं आहे. यापेक्षा भाकीत ऐकून सावध होणारा बरा.

पूर्णाकाठ

यात वाद नाही. हाताशी आहे ते सगळं करायचं, हातात नाही ते विचारत बसायचं नाही, इतकंच माझं म्हणणं. घरचं सोयाबीन वापरणार असाल तर ओल्या गोणपाटावर दहा-दहाच्या ओळीत शंभर दाणे मांडा, गुंडाळी करून सावलीत ठेवा, पाणी शिंपडत राहा, पाच-सहा दिवसांनी मोजा. सत्तर उगवले तर एकरी 30 किलो. साठ असतील तर 35. त्याखाली ते बी पेरूच नका. मळणीत वेग जास्त ठेवला किंवा पोती आपटली की टरफल फुटतं, उगवण तिथेच जाते.

वऱ्हाडी गडी

थे समदं ठीक. पन मले एक सांगा, पेरायचं कधी हे तं ठरवाच लागते ना? थे बी पुढचं जाननंच झालं. मंग भेंडवळनं काय पाप केलं?

पूर्णाकाठ

ठरवायचं ते आज मातीत जे आहे त्यावरून. पाऊस एकूण 75 ते 100 मिलिमीटर झाला की मगच. पर्जन्यमापक नसेल तर शेतात तीन-चार जागी फावड्याने वीतभर खणा. तळाची माती मुठीत दाबून गोळा होतो आणि बोटाने ढकलल्यावर लगेच विस्कटत नाही, तर पेरा. बी दीड इंचापेक्षा खोल नको, सोयाबीनचा कोंब नाजूक असतो आणि वरून जोराचा पाऊस होऊन पापुद्रा धरला तर तो फोडू शकत नाही. चार ओळी सोयाबीन, दोन ओळी तूर ठेवा, एक गेलं तर दुसरं राहील. मूग-उडीद जुलैच्या पहिल्या आठवड्यानंतर नको. सोयाबीन जुलैच्या मध्यापर्यंत.

वऱ्हाडी गडी

गोया करून पाहीन म्हनतो. पन घटाले हात जोडाले जाईनच, थे मी सोडत नाई.

पूर्णाकाठ

हात जोडायला जरूर जा. सकाळचं भाकीत ऐकायला थांबू नका.

मेघमंडळ

थांबले तरी चालेल. तिफण मात्र गोळा जमल्यावरच काढा.