वाचकभान वाढले, हे सत्राच्या अखेरीस कशावरून दाखवावे?

प्रश्न : बडोदेकर विद्यार्थिनी

नमस्कार. मी बडोद्यात एम. ए.च्या पहिल्या वर्षाला आहे. घरात मराठी, शाळा गुजराती माध्यमाची आणि लेखनाचा अभ्यासक्रम मराठीत, अशी माझी घडण आहे. सत्राच्या अखेरीस आम्हाला स्वतःच्या लेखनावर एक निबंध द्यायचा आहे. वाचकाचे भान, दुसऱ्याचा मजकूर त्याचा हेतू आणि रचना ओळखत वाचणे, आणि सहाध्यायांनी एकमेकांना दिलेले अभिप्राय, या तीन बाबतींत आपल्यात काय फरक पडला, हे त्यात उदाहरणासह लिहायचे आहे.

माझ्याजवळ सांगण्यासारखे एकच उदाहरण आहे. ऑगस्ट २०२४ मध्ये इथल्या विश्वामित्री नदीला आलेल्या पुरावर मी लेख लिहिला होता. पहिल्या खर्ड्यात मी लिहिले होते, “काळ्या घोड्याजवळ पाण्याने २६ फूट ओलांडले आणि आम्ही समजून चुकलो.” गटातल्या दोघींनी “छान आहे, ओघवते आहे” असा अभिप्राय दिला. तिसरी मैत्रीण कोल्हापूरहून शिकायला आलेली आहे; तिने समासात दोन प्रश्न लिहिले : कोणता घोडा? आणि २६ फुटांत समजून चुकण्यासारखे काय आहे? मी दोन्ही ठिकाणी कंसात खुलासा घातला. त्यावर शिक्षकांचा शेरा आला की माहिती वाढली आहे, परंतु वाचकभान वाढले असे म्हणता येणार नाही. हा फरक मला खरोखर समजून घ्यायचा आहे. शिवाय “छान आहे” या अभिप्रायाविषयी निबंधात काय लिहावे, हेही कळत नाही.

उत्तर १ : निवृत्त अध्यापिका, इंदूर

तुमच्या शिक्षकांचा शेरा मला योग्य वाटतो. कोल्हापुरात पंचगंगेची पातळी राजाराम बंधाऱ्याजवळ मोजतात आणि तिथे ३९ फुटांना इशारा, तर ४३ फुटांना धोका मानला जातो. तुमची मैत्रीण पुराविषयी अनभिज्ञ नव्हती. तिने तुमचे २६ आपल्या ४३ शेजारी ठेवून पाहिले, म्हणून तिला ते लहान वाटले. कंसात “ही धोक्याची पातळी आहे” असे लिहिल्याने तिला एक माहिती मिळते, पण तिच्या मनातले माप तसेच राहते. वाचक कोरी पाटी घेऊन येत नाही, हे जिला उमगले ती त्या मापापासूनच सुरुवात करील. विश्वामित्री वस्तीच्या मधून वळणे घेत जाते, आजव्याच्या जलाशयातून सोडलेले पाणी तिच्यातच येते, आणि म्हणून या शहरात २६ हा आकडा ऐकताच लोक घरातले सामान उचलू लागतात, हे वाक्याच्या पोटात यायला हवे. तुमच्याच गल्लीतल्या वाचकासाठी लेख असता तर यातले काहीच लागले नसते. नुसते ‘काळा घोडा’ पुरले असते. तेव्हा निबंधात दोन्ही खर्डे शेजारी शेजारी ठेवा, आणि मधल्या काळात वाचकाविषयी तुम्हाला काय कळले ते लिहा.

हेतू आणि रचना ओळखत वाचण्याविषयी एक सुचवते. जोतीराव फुले यांची ‘गुलामगिरी’ (१८७३) हाती घ्या. अर्पणपत्रिका अमेरिकेतल्या सदाचारी लोकांना उद्देशून आहे, एक प्रस्तावना इंग्रजीत आहे, आणि मुख्य मजकूर मात्र धोंडीबा आणि जोतीराव यांच्या मराठी संवादाचा आहे. एकाच पुस्तकात लेखक दोन वेगळ्या वाचकांकडे तोंड करून उभा आहे. वाचताना समासात हा भाग काय सांगतो हे लिहाच, पण तो काय करतो आणि कोणासाठी करतो हेही लिहा. धोंडीबा जे विचारतो ते पुष्कळदा ऐकणाऱ्याच्या मनात उठणारे प्रश्न असतात, आणि त्यांच्या आधाराने विवेचन पुढे सरकते. तुमच्या मैत्रिणीने समासात हेच काम केले आहे. या दृष्टीने पाहिले तर तुमच्या तीन बाबी सुट्या राहत नाहीत.

उत्तर २ : हाच विषय पूर्वी केलेला विद्यार्थी, ग्वाल्हेर

“छान आहे” या अभिप्रायाचा दोष मैत्रिणींना देऊ नये, कारण त्यांना नेमके काय सांगायचे हे कोणी सांगितलेलेच नसते. आमच्या गटाने पहिल्या वाचनात मत देणे बंद केले. वाचणाऱ्याने फक्त आपण कुठे अडलो, पुढे काय येईल असे वाटले होते, आणि कागद मिटल्यावर काय लक्षात राहिले, एवढेच सांगायचे. लिहिणाऱ्याने तेवढा वेळ गप्प बसायचे, कारण उद्या वाचकाच्या घरी खुलासा करायला लेखक हजर नसतो. हे गप्प बसणे मला सर्वांत जड गेले, आणि शिकायला मिळाले तेही त्यातूनच.

अध्यापिकाबाईंच्या म्हणण्याला मात्र एक पुरवणी जोडावीशी वाटते. वाचकाच्या प्रत्येक प्रश्नाला लेखात उत्तर देऊ नये. मी एकदा तसे केले आणि माझा ललित लेख माहितीपत्रकासारखा झाला. तुम्ही एखादी सूचना विचारपूर्वक नाकारली असेल तर ती कारणासह निबंधात जरूर नोंदवा. स्वीकारलेल्या दहा सूचनांपेक्षा तिच्यातून तुमची समज अधिक दिसेल.

विद्यार्थिनीचे प्रत्युत्तर

आपणा दोघांचेही मनापासून आभार. आज मैत्रिणीजवळ बसून विचारले, तेव्हा ती म्हणाली की २६ फूट ऐकून तिच्या घरी कोणी जागचे उठणारही नाही. तिचे हे वाक्य मी लेखाच्या आरंभी घेतले आहे आणि पुढे आमच्या घरी त्याच आकड्याला धान्याचे डबे माळ्यावर कसे गेले ते लिहिले आहे. काळ्या घोड्याच्या जागी ‘पुतळा’ लिही, अशीही तिची सूचना होती, ती मी घेतलेली नाही. सयाजीबागेजवळचा सयाजीराव महाराजांचा अश्वारूढ पुतळा, ज्याला सारे शहर काळा घोडा म्हणते, असे एकदा सांगून पुढे आमचाच शब्द ठेवला आहे. आणखी एक गोष्ट ध्यानात आली. “छान आहे” म्हणणाऱ्या दोघी बडोद्याच्याच असल्याने त्या या वाक्यावर अडखळण्याचे कारणच नव्हते. त्या कुठे अडल्या असतील, ते उद्या त्यांनाही विचारणार आहे.