शब्दचर्चा : चर्चमधील ‘फॉन्ट’ आणि ‘रिडंडंट’ चर्च

प्रश्न

इंग्लंडमधील सफक परगण्यात इप्सविच या बंदराच्या गावी सेंट पीटर्स नावाचे मध्ययुगीन चर्च आहे. तेथे आता नित्याची उपासना होत नाही, संगीताचे कार्यक्रम होतात. त्या चर्चमधील बाराव्या शतकातील काळ्या दगडाच्या ‘फॉन्ट’वर, म्हणजे बाप्तिस्म्याचे (ख्रिस्ती धर्मात प्रवेश देणाऱ्या विधीचे) पाणी ज्यात ठेवतात त्या वस्तूवर, मी लेख लिहीत असून दोन शब्दांपाशी अडलो आहे. ‘फॉन्ट’ तसाच ठेवावा तर वाचकाला संगणकावरची अक्षरे आठवतात, आणि ‘बाप्तिस्म्याचे भांडे’ म्हणावे तर थेट स्वयंपाकघर डोळ्यांपुढे येते. दुसरा शब्द ‘रिडंडंट’. ‘निरुपयोगी चर्च’ असे लिहायला हात धजत नाही. जाणकारांनी मार्गदर्शन करावे.

प्रतिसाद १

दुसऱ्या शब्दापासून सुरुवात करतो, कारण तो लवकर सुटेल. ‘रिडंडंट’ हे येथे नुसते विशेषण नव्हे, कायद्यातील संज्ञा आहे. चर्च ऑफ इंग्लंडच्या 1968 च्या ‘पॅस्टोरल मेजर’ या कायद्याने एखादे चर्च रीतसर ‘रिडंडंट’, म्हणजे उपासनेसाठी गरज न उरलेले, जाहीर करण्याची पद्धत घालून दिली आणि अशा निवडक इमारतींच्या देखभालीसाठी 1969 साली एक निधी उभा राहिला. हाच निधी 1994 पासून ‘चर्चेस कॉन्झर्व्हेशन ट्रस्ट’ या नावाने ओळखला जातो व आज साडेतीनशेहून अधिक चर्चे सांभाळतो. (इप्सविचचे सेंट पीटर्स मात्र त्यांपैकी नव्हे.) मराठी सरकारी भाषेत या अर्थाला अगदी जवळचा शब्द आहे : पटसंख्या घटली की शिक्षक ‘अतिरिक्त’ ठरतात. पण ‘अतिरिक्त चर्च’ म्हटले की ‘अतिरिक्त जिल्हाधिकारी’ या चालीवर आणखी एक चर्च बांधले असावे असे वाटेल. 2011 च्या नव्या कायद्याने इंग्रजीतही हा शब्द मागे सारून ‘नियमित सार्वजनिक उपासनेसाठी बंद’ अशी शब्दयोजना स्वीकारली आहे. तेव्हा आपणही ‘उपासनेसाठी बंद झालेले चर्च’ असे सरळ लिहावे.

आता ‘फॉन्ट’. हा शब्द लॅटिनमधील झरा या अर्थाच्या ‘फोन्स’वरून आला, आणि अक्षरांचा फॉन्ट धातू वितळवून ओतणे या अर्थाच्या फ्रेंच क्रियापदावरून, म्हणजे दोघांचे कूळ वेगळे आहे. गंमत अशी की ग्लॉस्टरशायरमध्ये बाराव्या शतकातील सहा शिशाचे फॉन्ट एकाच साच्यातून निघालेले आहेत. त्यांतला एक मूळचा लँकॉट येथील आता भग्नावस्थेत असलेल्या चर्चचा असून तो ग्लॉस्टर कॅथीड्रलमध्ये नेऊन ठेवला आहे. ओतीव टाइपाला शोभेल अशी ही हकीकत असली, तरी व्युत्पत्तीशी तिचा काही संबंध नाही.

मराठीत विधीसाठी दोन शब्द चालतात. प्रॉटेस्टंट परंपरेत आणि बायबलच्या भाषांतरात ‘बाप्तिस्मा’ आहे, तर वसईकडील कॅथलिक लेखनात ‘स्नानसंस्कार’ही दिसतो. इंग्लंडच्या संदर्भात पहिला बरा. पंडिता रमाबाईंनी 1883 साली इंग्लंडमधील वाँटेज येथे जो घेतला, त्यालाही मराठी वाचक ‘बाप्तिस्मा’च म्हणतात. वस्तूसाठी मी ‘बाप्तिस्माकुंड’ सुचवीन. ‘पात्र’ म्हटले की उचलून नेता येणारे काहीतरी मनात येते. मध्ययुगीन फॉन्ट तसा नव्हता. तान्हे मूल पाण्यात बुडवता येईल एवढी त्याची पोकळी रुंद आणि खोल असे. दगडात पाणी मुरू नये म्हणून आतून शिशाचा पत्रा लावलेला असे, आणि तळाच्या भोकातून मंत्रलेले पाणी गटारात न जाता थेट खालच्या जमिनीत जिरे. हे पाणी ईस्टर आणि पेंटेकॉस्ट या ख्रिस्ती सणांच्या पूर्वसंध्येला मंत्रून ठेवलेले असल्याने ते चोरून जादूटोण्याला वापरले जाईल अशी भीती होती. म्हणून 1236 साली कँटरबरीचे आर्चबिशप एडमंड यांनी फॉन्टना कुलूपबंद झाकणे ठेवण्याचा आदेश दिला. आजही कितीतरी जुन्या फॉन्टच्या काठावर समोरासमोर दोन ठिकाणी दगडाचा टवका उडालेला किंवा तेथे नवा तुकडा बसवलेला दिसतो. तेथे झाकणाचे लोखंडी आकडे शिसे ओतून बसवलेले होते आणि पुढे ते उपटले गेले. सेंट पीटर्सला जाणे झाले तर नक्षीआधी काठ न्याहाळावा, असे मी म्हणेन.

प्रतिसाद २

‘बाप्तिस्मा’ मान्य, ‘कुंड’ मान्य नाही. मराठीत कुंड जमिनीत खणलेले असते व त्यात पायऱ्यांनी उतरावे लागते. यज्ञकुंडही खोदलेले किंवा विटांनी रचलेले. हा फॉन्ट तर कमरेएवढ्या उंचीवर, एका दगडात कोरलेला. त्याला आपल्याकडे नेमका शब्द ‘डोणी’ आहे. ‘दगडी डोणी’ लिहिल्यास आकार क्षणात कळेल.

प्रतिसाद १ (उत्तर)

आकारापुरते आपले म्हणणे बिनतोड आहे. तथापि डोणीवर गुरे पाणी पितात, आणि या वस्तूच्या इतिहासात नेमकी तीच विटंबना घडलेली आहे. 1644 साली पार्लमेंटने फॉन्ट काढून टाकण्याचा वटहुकूम काढला आणि बाप्तिस्मा साध्या तसराळ्यातून होऊ लागला. त्या काळात आणि पुढेही टाकून दिलेले कितीतरी फॉन्ट शेतघरांच्या अंगणात खरोखरच गुरांच्या डोणी झाले, काहींत फुलझाडे लागली. तो प्रसंग सांगताना ‘चर्चमधले बाप्तिस्माकुंड गोठ्यातली डोणी झाले’ असे लिहिता यावे, म्हणून तरी दोन शब्द वेगळे राखावेत. उंचीची अडचण पहिल्या उल्लेखात ‘कमरेएवढ्या उंचीचे दगडी’ एवढी जोड देऊन भागते. नाहीतरी गोव्याच्या से कॅथीड्रलमधील 1532 सालच्या फॉन्टविषयी लिहितानाही हीच अडचण येणार आहे.

प्रश्नकर्ता

आभारी आहे. ‘बाप्तिस्माकुंड’ स्वीकारतो. एक राहिले : इंग्रजी पुस्तके या फॉन्टच्या दगडाला ‘टूर्ने मार्बल’ म्हणतात. ‘संगमरवरी’ म्हणावे काय?

प्रतिसाद १ (उत्तर)

म्हणू नये. बेल्जियममधील टूर्ने गावच्या खाणींतला हा दगड भूशास्त्राच्या दृष्टीने चुनखडकच आहे. घासला की काळाभोर चकाकतो, म्हणून व्यापाऱ्यांनी त्याला मार्बल म्हटले. तेथील कारागिरांनी घडवलेली कुंडे शेल्ड नदीतून समुद्रात आणि तेथून इंग्लंडच्या बंदरांत येत. इंग्लंडमध्ये अशी मोजकीच उरली असून विंचेस्टर कॅथीड्रलमधील कुंडावर संत निकोलसच्या कथा आहेत, तर इप्सविचच्या कुंडावर सिंह चालताना कोरले आहेत. सेंट पीटर्स धक्क्यापासून हाकेच्या अंतरावर आहे, हेही वाचकाला सांगावे. ‘संगमरवर’ म्हटले की मराठी माणसाला पांढराशुभ्र ताजमहाल दिसतो, म्हणून ‘टूर्नेचा काळा चुनखडक’ एवढेच लिहावे.