जुनं दुखणं आणि त्यात मन खचलंय, ॲपचा खरंच उपयोग होतो का?

सांजसावली:
संधिवाताला आता सहा वर्षं झाली. डॉक्टर म्हणाल्या काउन्सेलिंग घे, पण सांधे सुजले की जिना उतरवत नाही मग जाणार कशी, म्हणून एक ॲप घेतलं. पहिल्याच दिवशी ९ प्रश्न, मागच्या २ आठवड्यांत थकवा किती, झोप कशी, भूक कशी, मी खरं खरं भरलं आणि निकाल आला मध्यम नैराश्य. अहो थकवा आणि झोपमोड तर मला दुखण्यामुळे रोजचीच आहे! वर सल्ला काय, तर अर्धा तास चालून या. त्या दिवशी मला हातात कप धरता येत नव्हता. फार रडू आलं. कुणाला ऑनलाइन काही कामाला आलंय का?

ओंजळभर:
मी समुपदेशक आहे. ते ९ प्रश्न म्हणजे बहुतेक पीएचक्यू-९, एकूण गुण २७, आणि १० ते १४ आले की मध्यम. त्यात थकवा, झोप, भूक हे सगळं मोजलं जातं त्यामुळे जुनं आजारपण असलेल्या माणसाचा आकडा नुसत्या शरीरामुळेही वर जाऊ शकतो. १९८३ सालची हॅड्स नावाची १४ प्रश्नांची चाचणी आहे, तिच्यात असे शारीरिक प्रश्न जवळजवळ नाहीतच, डॉक्टरांना तिच्याबद्दल विचारा. पण एक कळकळीने सांगते, नववा प्रश्न जगणं नकोसं वाटण्याबद्दल असतो, तो सांध्यांवर ढकलायचा नाही. तिथे शून्य सोडून काहीही भरलं असेल तर ॲपवर थांबू नका, त्याच दिवशी माणसाशी बोला.

कानाने_वाचतो:
मला दिसत नाही, स्क्रीन रीडरवर चालतं सगळं. आजचा मूड निवडा म्हणे, आणि चेहऱ्यांची पाच चित्रं, मला ऐकू काय येतं तर बटण, बटण, बटण. चित्राला शब्दांत पर्याय द्या हे वेबच्या सुलभतेच्या नियमांत १९९९ पासून आहे हो! शेवटी थेरपिस्टशी लेखी चॅट सुरू केलं, ते मात्र जमलं, कारण हवं तेव्हा लिहिता येतं.

हळूहळू_चल:
मला एमएस आहे, म्हणजे मल्टिपल स्क्लेरोसिस, मेंदू आणि मज्जारज्जूचा जुना आजार. एकटीने केलेला ऑनलाइन सीबीटी (विचार आणि वागण्याच्या सवयी बदलायला शिकवणारी थेरपी) कोर्स दुसऱ्या आठवड्यात सुटला, मग दर आठवड्याला एक ताई माझं लिहिलेलं वाचून उत्तर द्यायच्या तो घेतला आणि पूर्ण झाला. कुणीतरी वाचतंय याने फार फरक पडतो. चालण्याच्या जागी त्यांनी खिडकीशी बसून मैत्रिणीला फोन करायला सांगितलं. आणि बऱ्या दिवशी सगळी कामं उरकायची नाहीत, नाहीतर पुढचे तीन दिवस आडवं, हेही त्यांनीच शिकवलं.

सांजसावली:
ओंजळभर, नवव्याला मी १ भरला होता. वर लिहायचा धीर झाला नाही. आत्ता बहिणीला फोन केला, ती निघालीये. ती आली की दोघी मिळून डॉक्टरांना फोन करतो, आजच.