'आपली माणसं' ग्रुप : जॅक टेटमला कँटनमध्ये जागा द्यावी का?

दादा (फ्रीमाँट): आज १२ ऑगस्ट. ऑफिसला जाताना बार्ट ओक्लंड कलिझियमच्या स्टेशनवर थांबते. अमेरिकन फुटबॉलवाली रेडर्स टीम २०२० मध्ये लास व्हेगासला निघून गेली, पण ऑफिसमधले जुने रेडर्सप्रेमी आज हटकून एकच विषय काढतात. १९७८ साली याच तारखेला या मैदानावर रेडर्सच्या जॅक टेटमने समोरच्या टीमचा रिसीव्हर (बॉल झेलणारा) डॅरिल स्टिंग्लीला धडक दिली आणि स्टिंग्लीची मान मोडली. २६ वर्षांचा होता तो. पुन्हा कधी उभा राहिला नाही. मंडळींचा प्रश्न असा की टेटमला कँटनच्या हॉल ऑफ फेममध्ये, म्हणजे फुटबॉलमधल्या थोर खेळाडूंच्या मानाच्या यादीत, घ्यायला हवं की नको. माझं मत, घ्यायला हवं. तुमच्याकडे जेवणं उरकली असतील, तर बोला.

छोटी: दादा, आधी हे सांग की टेटम नक्की काय खेळायचा? मला क्वार्टरबॅक सोडून कुणी माहीत नाही.

दादा (फ्रीमाँट): सेफ्टी. बचावातला सगळ्यात मागचा माणूस. समोरचा रिसीव्हर पळत येऊन हवेत झेपावतो, बॉल हातात येतो न येतो तोच त्याला आडवा करायचा, हे त्याचं काम. ओहायो स्टेट विद्यापीठातून आला, १९७१ च्या ड्राफ्टमध्ये (टीम नवे खेळाडू निवडतात तेव्हा) रेडर्सनी पहिल्याच फेरीत घेतला. दहा सीझन, ३७ इंटरसेप्शन (समोरच्यांचा थ्रो मध्येच पकडणं), १९७३ ते ७५ सलग तीनदा प्रो बोल, म्हणजे निवडक खेळाडूंच्या मॅचसाठी निवड. जानेवारी १९७७ च्या सुपर बोलमध्ये, म्हणजे फायनलमध्ये, मिनेसोटाच्या सॅमी व्हाइटला त्याने असा हाणला की व्हाइटचं हेल्मेट उडून लांब जाऊन पडलं. आणि व्हाइटने बॉल सोडला नाही! तो क्षण अजून दाखवतात.

मामा: ३७ म्हणजे फार नाहीत रे. मागे तूच म्हणाला होतास की विक्रम ८१ चा आहे.

दादा (फ्रीमाँट): हो, पॉल क्रॉसचा. पण मामा, कबड्डीत चांगला बचावपटू नुसत्या पकडींवर मोजता का तुम्ही? रेडर ज्या कोपऱ्यात शिरायलाच घाबरतो, तो कोपरा कुणाचा हेही बघता ना? टेटम असला की रिसीव्हर मैदानाच्या मध्यातून पळायला कचरायचे. ही भीती आकड्यात येत नाही.

मामा: कबड्डीचं म्हणशील तर मी चौदा वर्षं उजवा कोपरा खेळलो. रेडरला उचलून आपटायची संधी शंभरदा आली. उचलताना कळतं की हा आता मानेवर पडणार. तेव्हा हात सैल सोडायचा की नाही, हे खेळणाऱ्याच्या हातात असतं. स्टिंग्लीचा तो बॉल त्याला मिळणार होता का?

दादा (फ्रीमाँट): नाही. त्यांचा क्वार्टरबॅक (बॉल फेकणारा) स्टीव्ह ग्रोगनचा थ्रो लांब गेला होता. स्टिंग्ली पुढे झेपावला, बॉल हाताबाहेर गेला आणि खाली येताना त्याचं डोकं टेटमच्या खांद्याच्या रेषेत आलं. पंचांनी फाउल दिला नाही. तेव्हाच्या नियमांत ती धडक बसत होती.

मामा: आणि मॅच कसली होती?

दादा (फ्रीमाँट): प्रीसीझन. सरावाची. पॉइंट्स नाहीत, काही नाही.

मामा: मग संपलं माझ्या बाजूने. सरावाच्या मॅचला, हातात न येणाऱ्या बॉलसाठी.

दादा (फ्रीमाँट): मामा, असं तोडून टाकू नका. त्याला तसं खेळायला कुणी शिकवलं ते बघा. त्या काळी अशाच धडकांवर टाळ्या पडायच्या. लीग तीच दृश्यं दाखवून तिकिटं विकायची. रेडर्सची बचावफळीच तशी म्हणून गाजली. टेटमच्या शेजारी जॉर्ज ॲटकिन्सन होता. त्याने १९७६ मध्ये पिट्सबर्गचा रिसीव्हर लिन स्वानला हाणलं तेव्हा पिट्सबर्गचे कोच चक नोल त्या प्रकाराला गुन्हेगारी म्हणाले, तर ॲटकिन्सनने त्यांच्यावरच दावा लावला. हरला. सांगायचं एवढंच की खेळ तसा होता. सगळ्यांनी मिळून केलेल्या गोष्टीचं ओझं एका टेटमच्या डोक्यावर ठेवलंय. आणि हॉलच्या निवड समितीला नियम घालून दिलाय की मैदानावरची कामगिरीच बघायची. दुसरा बचावपटू लॉरेन्स टेलर ड्रग्सच्या भानगडीत इतका अडकलेला, तरी १९९९ मध्ये आत गेला. कॉलेज फुटबॉलच्या हॉलने टेटमला २००४ मध्ये घेतलंच. कँटनवाले का थांबलेत?

आत्या: मी मघापासून वाचतेय. दादा, मला तुझे आकडे कळत नाहीत. मान कुठे मोडली होती त्याची?

दादा (फ्रीमाँट): चौथा आणि पाचवा मणका.

आत्या: सी-चार, सी-पाच. मी सव्वीस वर्षं त्या वॉर्डात काढली आहेत. ऐका मग. झाडावरून पडलेली, विहिरीत सूर मारलेली, बाइकवरून उडालेली, वीस-पंचवीस वर्षांची पोरं असायची. दर दोन तासांनी चौघींनी मिळून कूस बदलायची, एकीने नुसती मान धरायची. नाही बदलली तर पाठीला जखम होते आणि त्याला ती कळतही नाही. नाकावर माशी बसली तर उडवायला हात नाही. पोरगा डोळे फिरवून आपल्याकडे बघतो, तोंडातून शब्द निघत नाही कारण नळी घातलेली असते, आणि आपण ओळखायचं की माशी आहे. पहिला आठवडा सगळे नातेवाईक असतात. दुसऱ्या महिन्यात आई उरते. मला फक्त एवढंच सांग, टेटम त्याला भेटायला गेला का?

दादा (फ्रीमाँट): आत्या, इथेच अडतं. टेटमचं म्हणणं होतं की तो हॉस्पिटलमध्ये गेला, पण घरच्यांनी आत येऊ दिलं नाही. रेडर्सचे कोच जॉन मॅडन मात्र त्याच रात्री गेले आणि पुढे जातच राहिले. दुसऱ्या टीमचा खेळाडू, तरी.

आत्या: एकदा आत घेतलं नाही. मग दुसऱ्यांदा? पुढच्या वर्षी? स्टिंग्ली गेला कधी?

दादा (फ्रीमाँट): एप्रिल २००७. ५५ वर्षांचा होता.

आत्या: म्हणजे जवळजवळ २९ वर्षं. चिठ्ठी तरी?

दादा (फ्रीमाँट): माफी मागितली नाही त्याने. खेळाचा भाग होता, मी काही चुकीचं केलं नाही, हेच शेवटपर्यंत. १९८० मध्ये आत्मचरित्र काढलं आणि त्याच्या नावातच स्वतःला मारेकरी म्हणवून घेतलं. १९९६ मध्ये टीव्हीवर दोघांची भेट ठरली होती. टेटमचं नवं पुस्तक खपवायला हा घाट घातलाय हे कळल्यावर स्टिंग्लीने नकार दिला.

छोटी: शी.

आत्या: धडकेसाठी मी त्याला काही म्हणत नाही. माणसाच्या हातून होतं. पण ज्याची मान मोडली तो अंथरुणात असताना दोन वर्षांत मारेकरी म्हणून पुस्तक? मला नाही पटत, दादा. तुमच्या समितीचा नियम काहीही असो.

आबा: उशीर झाला वाचायला. चष्मा सापडत नव्हता. मला १९६२ आठवलं. नरी कॉन्ट्रॅक्टर आपले कॅप्टन, बार्बाडोसविरुद्धची मॅच, तीही टेस्ट नव्हे, दौऱ्यातली साधी. चार्ली ग्रिफिथचा बॉल डोक्यात लागला, कवटी फुटली. मी शाळेत होतो, पेपर आला की आधी त्यांच्या तब्येतीची बातमी शोधायची. त्यांना रक्त कुणी दिलं माहीत आहे? आपले चंदू बोर्डे, बापू नाडकर्णी, पॉली उम्रीगर, आणि वेस्ट इंडिजचा कॅप्टन फ्रँक वॉरेल. समोरच्या टीमचा कॅप्टन बाही वर करून झोपला. कॉन्ट्रॅक्टर वाचले, पण पुन्हा टेस्ट खेळले नाहीत. ग्रिफिथला त्यांनी कधी दोष दिला नाही. वॉरेलचं नाव आमच्या घरात अजून आदराने घेतलं जातं, ते त्याच्या सेंचुऱ्यांमुळे नाही.

मामा: आबा, हे मला माहीत नव्हतं.

दादा (फ्रीमाँट): आबा, तुमचा वॉरेल म्हणजे आमचा मॅडन. मॅडनना २००६ मध्ये कँटनच्या हॉलमध्ये जागा मिळाली. पण एक गोष्ट मलाही सांगायची आहे. टेटमचा शेवट सोपा नव्हता. मधुमेहाने पाय कापावा लागला. स्टिंग्लीला ते कळलं तेव्हा तो म्हणाला की अशा गोष्टीचा आनंद माणसाला होऊ शकत नाही. ज्याला सगळ्यात जास्त हक्क होता रागावायचा, त्याने हे म्हटलं. त्याने माफ केल्याचंही सांगितलं होतं. टेटम २०१० मध्ये हार्ट अटॅकने गेला. आता दोघेही नाहीत. म्हणून वाटतं, खेळ खेळाच्या जागी ठेवावा.

आत्या: स्टिंग्लीने माफ केलं तो स्टिंग्लीचा मोठेपणा. तो टेटमच्या खात्यात कसा जमा करतोस?

दादा (फ्रीमाँट): खरंय. याला उत्तर नाही माझ्याकडे. तरी मत विचारलंस तर मी हो म्हणेन. निवडीला समितीची ८० टक्के मतं लागतात, माझं असतं तर त्यात एक धरा. पण मघाशी सहज म्हणालो तसं नाही म्हणता येणार आता.

मामा: माझं नाही.

आबा: माझंही नाही.

छोटी: स्टिंग्लीचं पुढे काय झालं? घरचे?

दादा (फ्रीमाँट): शिकागोला राहिला. इलेक्ट्रिक व्हीलचेअर उजव्या हाताने चालवायचा. अर्धवट राहिलेली पर्ड्यू विद्यापीठाची डिग्री पूर्ण केली, मुलांसाठी संस्था काढली. आणि नातू फुटबॉल खेळतो. डेरेक स्टिंग्ली ज्युनियर, २०२२ च्या ड्राफ्टमध्ये तिसराच निवडला गेला. ह्यूस्टनकडून खेळतो. टेटमनेही शेवटचा सीझन ह्यूस्टनलाच काढला होता, टीम वेगळी. आणि नातू रिसीव्हर नाही. बचावात आहे, कॉर्नरबॅक.

आत्या: अगं बाई. म्हणजे समोरच्याला अडवायचं काम?

दादा (फ्रीमाँट): हो. २०२४ मध्ये ऑल-प्रोच्या, म्हणजे लीगमधल्या सर्वोत्तम खेळाडूंच्या, पहिल्या संघात होता.

आत्या: त्याची मॅच असेल तेव्हा सांग. कितीही वाजता असली तरी उठेन.