कडी-कुलपाचं दार

बेघरांसाठी बांधल्या जाणाऱ्या छोट्या घरांबद्दल ‘एवढ्याशा खोक्यांत माणसं ठेवण्यापेक्षा निवारागृहात खाटा वाढवा,’ असं एकांनी लिहिलंय. अमेरिकेतल्या सिएटल शहराचा अनुभव पाहता मला हे पटत नाही.

तिथे २०१५ मध्ये महापौरांनी बेघरांच्या प्रश्नावर आणीबाणी जाहीर केली. त्यानंतर शहराच्या मदतीने छोट्या घरांच्या वस्त्या वाढत गेल्या. घर साधारण ८ बाय १२ फुटांचं. वीज, हीटर आणि आतून-बाहेरून कुलूप लागणारं दार. स्वयंपाकघर, न्हाणीघर सामाईक. १२० चौरस फुटांच्या आत असल्याने बांधकामाच्या नियमांत ते ‘राहतं घर’ ठरत नाही, म्हणून उभारणी झटपट होते.

सिएटलचा हिवाळा बर्फाचा कमी, पावसाचा जास्त. तंबूतलं अंथरूण एकदा भिजलं की वाळतच नाही. तरीही अनेकजण निवारागृह टाळतात, आणि त्यामागे हट्ट नसतो. बऱ्याच ठिकाणी नवरा-बायकोला वेगळं झोपावं लागतं, कुत्र्याला आत घेत नाहीत, सकाळी सगळं सामान उचलून बाहेर पडावं लागतं. (सामान पाठीवर घेऊन मुलाखतीला कसं जायचं?) कुलूप असलं की कागदपत्रं, औषधं सुरक्षित राहतात, माणूस निर्धास्त झोपतो.

माझा आक्षेप वेगळा आहे. या वस्त्या तात्पुरत्या म्हणून बांधल्या जातात, पण पुढे परवडणारं भाड्याचं घर मिळत नाही, म्हणून लोक तिथेच अडकतात. अशा भाड्याच्या घरांसाठीही शहराने तितक्याच तातडीने पैसा काढायला हवा.