चर्चचे वार्तापत्र काढताना आलेले अनुभव

मराठी ख्रिस्ती नियतकालिकांची परंपरा जुनी आहे. ‘ज्ञानोदय’ १८४२ साली अहमदनगरला सुरू झाला, तर वसईच्या ‘सुवार्ता’ मासिकाचे संपादन फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांनी दीर्घकाळ केले. एखाद्या चर्चचे चार-आठ पानांचे वार्तापत्र त्यापुढे लहानच. पण ते काढणाऱ्याच्या हातून घरोघरची सुखदुःखे जातात. ज्यांनी हे काम केले आहे त्यांनी काय चुकले आणि ते कसे सावरले, हे आवर्जून लिहावे. सुरुवात माझ्यापासून करते.

वसईतील आमच्या धर्मग्रामाचे (एका चर्चच्या हद्दीतील कॅथलिक समाजाचे) वार्तापत्र मी अकरा वर्षे पाहते आहे. पहिल्याच वर्षी एका आजींच्या निधनवार्तेत त्यांच्या जावेचे नाव छापले गेले. दोघींचे आडनाव एक, आळी एक, आणि मी यादी फोनवरून घाईने उतरवून घेतली होती. रविवारी मिस्सा (चर्चमधील उपासना) संपल्यावर त्यांचा मुलगा अंक घेऊन माझ्यासमोर उभा राहिला आणि शांतपणे म्हणाला, “आईचं नाव छापून यायची ही शेवटचीच वेळ होती.” त्याच संध्याकाळी मी दोन्ही घरी जाऊन क्षमा मागितली आणि पुढच्या अंकात पहिल्या पानावर दुरुस्ती दिली. तेव्हापासून बाप्तिस्मा, लग्न आणि निधन यांची प्रत्येक नोंद मी धर्मग्रामाच्या नोंदवहीतूनच घेते, वडिलांचे किंवा पतीचे नाव आणि आळी लिहिते, आणि छपाईपूर्वी ती त्या घरच्या माणसाला वाचून दाखवते. यात दोन संध्याकाळी जातात. त्या वाचवाव्यात असे मला कधीच वाटले नाही.

एक उत्तर : आमच्या नगर जिल्ह्यातील मंडळीत (चर्चमध्ये) १९८०च्या सुमारास सायक्लोस्टाइल, म्हणजे स्टेन्सिलवरून प्रती काढण्याचे यंत्र, होते. टंकलेखन यंत्राची पट्टी बाजूला करून मेणाच्या स्टेन्सिलवर अक्षरे उमटवायची. बोट जरा जोरात पडले की ‘ठ’च्या पोटातला भाग कापून निघे आणि कागदावर काळा ठिपका येई. एका ईस्टरला ‘प्रभू उठला आहे’ या मथळ्यातच हे घडले. स्टेन्सिल शेवटचे होते आणि दुकाने बंद. पाळकसाहेबांनी कंदिलाजवळ बसून फाटल्या जागी करेक्शन फ्लुइड लावले, ते वाळू दिले आणि लोखंडी लेखणीने तो ‘ठ’ हाताने कोरला. पहाटेच्या उपासनेपूर्वी सगळ्या प्रती तयार होत्या. इतर अक्षरांपेक्षा किंचित मोठा असा तो ‘ठ’ मला आजही दिसतो.

दुसरे उत्तर : वार्तापत्रातील आजाऱ्यांच्या यादीविषयी एक सांगावेसे वाटते. आम्ही एकदा प्रार्थनेसाठी नावापुढे आजारही छापला, आणि त्या कुटुंबाला पुष्कळ दिवस लोकांच्या चौकशांना तोंड द्यावे लागले. आता आम्ही घरच्यांना विचारून फक्त नाव छापतो.

तिसरे उत्तर : आजाऱ्यांच्या यादीच्या वरील अनुभवाला जोडून मुंबईचा माझा अनुभव. १२ एप्रिल २०२० रोजी ईस्टर होता आणि टाळेबंदीमुळे चर्च बंद होते. अंक व्हॉट्सॲपवर पाठवला, परंतु स्मार्टफोन नसलेल्या वृद्धांना आम्ही तिघांनी वाटून घेऊन तो दूरध्वनीवर वाचून दाखवला. एका आजोबांना संदेश, गीते, सूचना सारे ऐकवून झाल्यावर त्यांनी आजाऱ्यांची यादी पुन्हा, सावकाश वाचायला सांगितली. ते प्रत्येक नाव लिहून घेत होते. मधूनच “थांब” म्हणत आणि पेन्सिलचा आवाज ऐकू येई.